प्रदक्षिणा पुरी व्हायच्या आत

माझा पाय पडला तो त्याच्या बोटांवर.

झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन मी मंडपात शिरले होते. ताडपत्रीतून पाणी टपकत होतं, समोर मंडळाची पोरं दाटीवाटीने उभी. फळ्यांच्या टेबलाखालून कुणाचा हात बाहेर आलेला असेल हे मला कोण सांगणार? खालून "आई गं" ऐकू आलं. मग एक डोकं बाहेर आलं — केसांत लाकडाचा भुसा, दातांत टेस्टर. टेस्टर काढून तो म्हणाला, "ताई, वायरवर पाय देऊ नका. बोटांवर दिला तरी चालेल."

मी म्हटलं, "बोटं वाटेत ठेवायची नसतात. आणि ताई तुमच्या घरी असतील, त्यांना म्हणा."

तो हसला आणि परत फळ्यांखाली गेला. तो गेला, पण ते हसू वरच राहिलं... माझ्याजवळ.

केबल टीव्ही नुकता गल्लीत आला होता तेव्हाची ही गोष्ट. मखमलाबादला आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेने मेथी-कोथिंबीर. आता तिथे चार मजल्यांची सोसायटी उभी आहे आणि तिथल्या बाया दसऱ्याला झेंडू विकत आणतात. आणोत बापड्या. मी चौथीतून शाळा सोडली आणि हार ओवायला बसले. तोंडाला मात्र कुणी शाळेत घातलं नव्हतं, ते आपलं आपणच शिकलं.

माझे वडील पुंजाराम. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांचे धाकटे भाऊ रावजी काका गणेश मंडळाचे अध्यक्ष. दरवर्षी पुठ्ठ्याचे डोंगर करून काका कंटाळले होते. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, देखाव्यात आगगाडी धावली पाहिजे. त्यासाठी त्यांनी हा शेखर धरून आणला. तो मनमाडचा, बाप रेल्वेच्या यार्डात. स्वतः एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे वायरमन. लहानपणापासून त्याला एकच नाद, खेळातली गाडी करायची. पितळी पट्ट्यांचे रूळ, टेपरेकॉर्डरच्या मोटारीवरचं इंजिन, पत्र्याचे डबे. काडेपेट्यांचं मनमाड स्टेशन केलं होतं आणि मागे मनमाडजवळचा तो सुळका, हडबीची शेंडी, प्लास्टरची. इतकी हुबेहूब की मनमाडचा माणूस तिला बघून घरी पत्र लिहील.

त्याचा बेत साधा होता. मनमाडहून गाडी निघेल, गणपतीपुढे येऊन थांबेल, आणि उलटी मागे जाईल. चाचणीत ती तशी छान पळालीही. पण काकांनी मान हलवली. एवढ्या लांबून देवाला आलेली गाडी प्रदक्षिणा न घालता जाईल? आणि तीही मागे मागे सरकत? ते त्यांना पटेना. गणपतीला वेढा घालून, तोंड फिरवून, त्याच रुळांवरून तिने परत जायचं, असा हुकूम निघाला.

शेखरने गणपतीभोवती गोल रूळ टाकले, दोन्ही टोकं मूळ रुळांना जोडली, आणि जोडल्या क्षणी गाडी मेली. जागची हलेना. ट्रान्सफॉर्मर नुसता गुरगुरायचा आणि तापायचा. कुणी म्हणे वायर हलकी, कुणी म्हणे मोटार जळाली. काकांनी इंजिनाला लिंबू-मिरची बांधली. मी आपली रोज हार घेऊन जायचे. खरं तर हार न्यायला भाऊही होता, पण त्या आठवड्यात मला त्याच्यावर भरवसा ठेवावासा वाटेना.

एका दुपारी मंडपात शेखरशिवाय कुणी नव्हतं. तो रुळांकडे टक लावून बसला होता. मी म्हटलं, "नजरेने चालते का गाडी?"

"नजरेने बंद पडते एवढं कळलंय," तो म्हणाला. "तुम्ही आलात की माझं लक्ष राहत नाही."

मी खाली बघून सुईत दोरा घालायला लागले. दोरा काही जाईना.

तेवढ्यात त्याने माझ्या डब्यातले दोन दोरे उचलले, एक लाल, एक पिवळा. जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. डावा लाल, उजवा पिवळा, हे दोन रूळ. एकातून वीज जाते, दुसऱ्यातून परत येते, आणि दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. मध्ये त्याने झेंडूचं फूल ठेवलं, हा गणपती. दोन्ही दोरे फुलाला वेढा घालून पहिल्या जागी आणले... आणि लाल दोरा नेमका पिवळ्यावर येऊन पडला. दोघांनी एकदमच वर बघितलं.

"प्रदक्षिणेनेच मारलं म्हणायचं," मी म्हटलं.

"गोल रूळ दोन्हीकडे कापून वेगळे करायचे," तो पुटपुटला. "त्यांना वीज वेगळी द्यायची. आणि गाडी प्रदक्षिणेत असतानाच खटका फिरवून बाहेरच्या रुळांची वीज उलटी करायची. म्हणजे ती येईपर्यंत रस्ता तिच्या बाजूचा झालेला असेल."

"आणि फिरवायचं राहिलं तर?"

"तर गाडी दारातच अडकेल."

मग तो मान खाली घालून म्हणाला की याला दोन माणसं लागतील. गाडीचा वेग एकाने सांभाळायचा आणि खटका दुसऱ्याने. मंडळाच्या पोरांचं लक्ष नसतं, तुमचा हात स्थिर आहे. मी म्हटलं, विचार करीन. विचार काय करायचा होता, डोंबल.

पण घरी वेगळाच विचार चालला होता. देवळ्याचं स्थळ आलं होतं. मोठे कांदेवाले, विहिरीला बारमाही पाणी, दारात ट्रॅक्टर. देखावा उघडायच्या दिवशीच ते मला बघायला येणार होते. मुलगा वाईट निघावा असंही मनात येऊन गेलं, पण तसं काही नव्हतं. भला माणूस होता म्हणे. नानांचं म्हणणं एकच, ज्याला वावर नाही त्याच्या घरी पोरगी द्यायची नाही. देवळ्याला हो म्हटलं की सुपारी फुटणार, हे मला माहीत होतं. शेखरलाही कळलं होतं. तरी तो खटक्याची वायर नीट बसवत राहिला आणि बोलला काही नाही. मला त्याचा राग आला. मी होऊन बोलेन अशी माझी जात नव्हती.

ती संध्याकाळ आली. बारीक पाऊस, आरती झालेली, मंडपात पाय ठेवायला जागा नाही. आमचं घर मंडपाला लागूनच. ओट्यावर देवळ्याचे पाहुणे बसलेले. काठपदराची हिरवी साडी नेसून मी मात्र पडद्याआड, मनमाड स्टेशनामागे खटक्यावर हात ठेवून बसले होते. शेजारी तो, वेगाच्या बटणावर. आईचा निरोप आला होता, गाडी एकदा पळाली की चहा घेऊन ये.

गाडी निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्याच्या फटीतून बघितलं, तर ती गणपतीपाशी पोचून वळायला लागली होती.

मी हलक्या आवाजात म्हटलं, "तुम्हाला काही बोलायचं असेल, तर प्रदक्षिणा पुरी व्हायच्या आत बोला. ती बाहेर आली की मी चहा घेऊन जाणार."

त्याने बटण मागे फिरवलं... थोडं, अजून थोडं. गाडी मूर्तीमागे गोगलगाईसारखी सरकायला लागली. बाहेर कुजबूज सुरू झाली.

"खटका मला एकट्यालाही जमतो," तो म्हणाला. "दोन माणसं लागतात हे खोटं होतं."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं. पुढे?"

"मी आईला सांगून आलोय..."

"काय?"

"की एक मुलगी आहे. तिच्या तोंडापुढे माझं काही चालणार नाही." बोलता बोलता त्याचा हात बटण आणखी मागे नेत होता. "आई म्हणाली, मग तीच कर."

गाडी थांबली होती. बटण पार शून्यावर होतं, आणि त्याला त्याचं भानही नव्हतं. मी हसत होते की रडत होते, कोण जाणे. वर बघितलं तर पडदा बाजूला धरून नाना उभे.

किती ऐकलं त्यांनी? चेहऱ्यावरून कळेना. शेखर उठून उभा राहिला, डोकं फळीला आपटलं.

"बंद पडली का?" नानांनी विचारलं.

"नाही नाना. मी... थांबवलीय."

नानांनी माझ्याकडे बघितलं. "पाव्हणे वाट बघून ऱ्हायले. चल."

माझा हात खटक्यावर होता. आजवर नानांचा शब्द मी मोडला नव्हता, उलट उत्तरं कितीही दिली तरी.

"मला खटका सोडता येत नाय, नाना."

"आता?"

"कधीच."

बाहेर पोरं आरडाओरडा करत होती. रावजी काका माइकवरून सांगत होते की गाडी देवाचं दर्शन घेते आहे, कृपया शांतता राखा. नाना त्या एवढ्याशा गाडीकडे बघत राहिले. मग शेखरच्या खरचटलेल्या, सोल्डरने भाजलेल्या बोटांकडे.

"फिरव मग," ते म्हणाले. "लोक खोळंबलेत."

मी खटका फिरवला. शेखरने बटण पुढे नेलं आणि गाडी मूर्तीमागून तोंड फिरवून बाहेर आली, जोड ओलांडून सरळ आमच्याकडे. मंडप नुसता दणाणला. नाना मात्र तिथे नव्हते.

फटीतून मला आमचा ओटा दिसत होता. नाना घरातून बाहेर येत होते, दोन्ही हातांत ट्रे धरून. कप बशीत वाजत होते, चहा सांडत होता. देवळ्याच्या पाहुण्यांपुढे वाकून ते म्हणाले, "पोरगी कामात हाय. चहा मीच आणलाय."

तोवर आमच्या नानांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्यासुद्धा भरून घेतलेला नव्हता.