हातोडीच्या पोटातले ठोके

जुन्या धातूतून घडवणाऱ्याचे ठोके ऐकवणारं ठोकवाचन सुरू झालं आणि लोक गेलेल्या माणसांची भांडी घासेनासे झाले. घासता घासता आठवणच झिजायची, ही धास्ती! रत्नप्रभा कर्डे मात्र तांबटाची लेक. वडिलांनी शेवटचं घडवलेलं घंगाळ प्रयोगशाळेत न्यायचं, ते काळंकुट्ट कसं न्यायचं? तिने ते भट्टीत लाल होईस्तोवर तापवलं, चिंचेने लख्ख केलं आणि मोठ्या तोऱ्यात डॉ. ऐनापुरेबाईंच्या टेबलावर ठेवलं.

यंत्राचा पडदा कोराच राहिला.

"भट्टीत घातलंत?" बाईंनी कपाळावर हात मारला.

"मग? जुनं भांडं उजळायचं तर आधी तापवतातच की!"

बाईंनी समजावलं. धातूतले अणू पंगतीला बसल्यासारखे ओळीने बसलेले असतात. घाव बसला की एखादी ओळ सरकते आणि तिथे खोड राहते. हीच ठोकखूण. यंत्र अशा खुणा क्रमाने वाचतं आणि ठोके पुन्हा ऐकवतं. पण धातू तापला की अणूंना हलायला मुभा मिळते, पंगत पुन्हा सरळ होते. तांबट म्हणतात तांबं मऊ झालं. खरं तर ते सगळं विसरलेलं असतं.

रत्नप्रभेला रडू कोसळलं. बाबांचा हात तिला एकदाच, फक्त एकदाच ऐकायचा होता, आणि तिनेच तो पुसून टाकला होता.

"त्यांची हातोडी आहे?" बाईंनी हळूच विचारलं. "घाव तिनेही सोसलेत. पण पोलाद वाचायचं तर चकत्या कराव्या लागतात."

हातोडी पिशवीतच होती. बाबा गेल्यापासून अकरा वर्षं त्यांच्या दुकानात बसून रत्नप्रभा तिच्यावरच पोट भरत होती. तिने ती क्षणभर तळहातावर जोखली.

"कापा."

चार दिवसांनी कर्ण्यातून आवाज आला. ठण्, ठण्, आणि तिसरा किंचित उशिरा. बाबाच! डोळ्यांना कधी न दिसणाऱ्या अब्जावधी अणूंनी एका माणसाची लय जिवापाड जपली होती. ती ऐकतच राहिली. समोरचा चहा निवून गेला.

"बाई, यात माझे ठोके कुठून सुरू होतात?"

बाईंनी आलेख तीनदा तपासला. "यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हात दाखवतंय. वडील कुठे संपले आणि तुम्ही कुठे सुरू झालात, हे सांगता येत नाही."

रत्नप्रभेची बोटं टेबलावर ठेका धरत होती, तिसरा किंचित उशिरा. तिने ती मुठीत आवळली.

"मग अकरा वर्षं दुकानात कोण बसलं होतं?"