तक्रार ज्याची त्याला

एकोणीसशे चौतीस सालच्या सप्टेंबरात, एका रविवारी, मार्था ख्रिस्ती मंडळीच्या मंदिरात पेटी वाजवत होती. अचानक तिचे दोन्ही पाय घसरले, आणि गाणं दुसऱ्या कडव्यात बंद पडलं.

पेटीत पायांनी हवा भरावी लागे. पायांखालच्या फळ्या कुरकुरतात म्हणून मंदिराच्या नव्या शिपायानं आदल्या दिवशी त्यांना करडईचं तेल चोपडलं होतं, तेही हात न आखडता. चपला दाराबाहेर काढून आलेली मार्था अनवाणी होती. दीडशे माणसं तोंडं उघडी ठेवून थांबली. मार्थानं मागं वळून पाहिलं. दाराशी एक उंच, सावळा तरुण उभा होता. डोळे मात्र... पण त्या वेळी तिनं डोळ्यांकडे लक्ष दिलं नाही.

"या गाढवाला कामावर कुणी ठेवलं?" ती म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांदेखत.

मार्था मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि रविवारी पेटी वाजवायची ती फुकट, सेवा म्हणून. फुकट काम करणाऱ्यांचा पगारी माणसांवर जरा जास्तच तोरा असतो. त्यातून तिचे वडील जोतीराम मास्तर मंडळीच्या पंचांपैकी एक. शिपाई महिपती करकंबचा. सातवी पास होता, आणि मास्तरकी मिळेपर्यंत घंटा वाजवत होता. त्यानं फडकं आणलं, फळ्या पुसल्या आणि बाजूला झाला.

मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी मात्र त्याच दुपारी नियम केला. पगारी असो की बिनपगारी, कुणाची कुणाबद्दल तक्रार असेल तर ती चारचौघांत बोलायची नाही, तिसऱ्यापाशी न्यायची नाही. ज्याची त्याला सांगायची. शनिवारी पाच वाजता, मंदिराच्या ओसरीत, अहोजाहो करून. बाईमाणूस आणि पुरुष असतील तर ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सारजाबाई बसतील. सारजाबाई मंडळीच्या जुन्या सेविका. आपल्याला कमी ऐकू येतं, असं त्या स्वतःच सांगत.

पहिल्या शनिवारी मार्था आली ती पाळकसाहेबांनी बजावलं म्हणून.

"तुम्हाला गाढव म्हणाले, ते चुकलं. माफ करा," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"बरं," महिपती म्हणाला.

"एवढंच?"

"आनि काय म्हनू? तेल माजंच हुतं की."

तिला हसू आलं. तिनं ते दाबलं, आणि दाबता दाबता त्याच्याकडे पाहिलं. डोळे खरंच चांगले होते.

पुढच्या शनिवारी ती आपण होऊन आली. तक्रार अशी, की घंटा तीन मिनिटं आधी वाजते.

"गिरनीच्या भोंग्यावर घड्याळ लावतो मी," महिपती म्हणाला. "हजारो मानसं त्या भोंग्यावर उटत्यात. आनि तुमी एकट्याच..."

"मी एकटीच काय?"

"तुमी एकट्याच उशिरा येता, असं म्हनत हुतो."

त्याच्या पुढच्या शनिवारी तक्रार त्याची होती.

"प्रार्थनेत तुमी डोळं मिटत न्हाय."

"अस्सं? आणि तुम्हाला हे कसं कळलं?"

महिपतीनं खाली वाकून नसलेला कचरा उचलला.

त्यानंतर तक्रारींचा दर्जा झपाट्यानं उतरला. फुलदाणीतला झेंडू डावीकडे झुकतो, ही एक तक्रार. दोर ओढताना तुम्ही गुणगुणता, ही दुसरी. गुणगुणणं थांबवलंत, ही पुढच्या आठवड्याची. सारजाबाई सुपात ज्वारी निवडत बसत. ज्वारी निवडून व्हायची, तरी सूप हलत राहायचं.

एका शनिवारी अवेळी सर आली. ओसरीच्या कडेला पाणी गळायला लागलं, आणि दोघांना हातभर जवळ सरकावं लागलं. त्याच्या सदऱ्याला मंदिरातल्या दिव्यांच्या घासलेटचा वास येत होता. मार्थाला घासलेटचा वास मुळीच सोसत नसे. त्या दिवशी तिला तो आवडला, आणि तिथंच तिला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही.

जानेवारीत महिपतीला मास्तरकी मिळाली. बार्शीकडच्या एका खेड्यात.

"सोमवारी जायाचं," त्यानं शनिवारी सांगितलं.

"आणि हे मला आज सांगताय? ही माझी तक्रार समजा."

"समजली. माजी बी एक हाय. लई दिसांची." तो जरा थांबला. "तुमी मला गाढव म्हनालात ते दीडशे मानसांम्होरं. माफी मागितली ती हितं, भिंतीकडं तोंड करून. घंटा वाजवताना पोरं आजून मला तेच म्हनत्यात. तुमी बदलला, मला ठावं हाय. त्यास्नी कुटं ठावं हाय?"

मार्थानं भिंतीकडे पाहिलं, आणि मग मुद्दाम त्याच्याकडे.

"मला तुमाला कायतरी इचारायचं हाय," तो हळू म्हणाला. "पर गाढवानं कसं इचारावं?"

म्हणजे ती गप्प बसली असती तर तो न विचारताच सोमवारी निघून गेला असता. आणि बोलायचं तर वडिलांसमोर, शाळेतल्या मुलींसमोर, सगळ्या मंडळीसमोर. तिला त्याचा राग आला. मग आपलाच आला.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा विधी होता. त्याआधी मनं साफ करायची, म्हणून त्याच संध्याकाळी सहा वाजता तयारीची सभा भरली. पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही उरलं आहे का?" अशा वेळी लोक आपापल्या अंगठ्याकडे बघत आणि भांडणं शाबूत घेऊन घरी जात. त्या संध्याकाळी बायकांच्या बाजूला मार्था उभी राहिली.

"मी महिपतींना तुमच्या सगळ्यांसमोर गाढव म्हणाले होते," ती म्हणाली. "माफी मात्र एकांतात मागितली. ते उलटं झालं. दोष एकांतात सांगायचा होता, आणि माफी इथं मागायची होती."

"मार्था, खाली बस," जोतीराम मास्तर म्हणाले.

ती बसली नाही.

"ते मला एकदाही उलटून बोलले नाहीत. माझी इतकी नसती बोलणी ऐकून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही." मग तिनं पुरुषांच्या बाजूला, सरळ त्याच्याकडे पाहिलं. "महिपती, मला माफ करा."

महिपतीनं मान डोलावली.

सभा सुटली. पाळकसाहेबांनी मास्तरांना कसल्याशा कामासाठी आत थांबवून घेतलं. ओसरीत आज सारजाबाई नव्हत्या. त्या मंदिराच्या आत आपल्या चपला शोधत होत्या. चपला बाहेर, दाराशीच होत्या.

"विचारा आता," मार्था म्हणाली.

"खरं तर मास्तरांना इचारायला पायजे."

"मग त्यांनाच विचारायचं होतं की!"

"इचारीन. उद्या सकाळी येतो. त्ये हो म्हनतील, न्हायतर हाकलून देतील. पर त्ये मागनं. आदी तुमाला." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "गाव लई आडबाजूला हाय. शाळा म्हंजे एक खोली. पेटी न्हाय, काय न्हाय. मी हाय फकस्त. मला तुमी लई आवडता... याल का?"

आजवर मार्थासाठी तीन स्थळं आली होती. तिन्ही वेळा लोकांनी मास्तरांना विचारलं, आणि मास्तरांनी उत्तर दिलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळं अशा वेळी काय बोलायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"येईन," ती म्हणाली. आणि नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "येईन."