पुन्हा एकदा, एनिड

दिवा बारीक कर, टेस. आणि रॉनी, दात काढू नकोस. तो माणूस माझ्या ओळखीचा होता.

चोपन्न सालचा नोव्हेंबर, अठरा तारीख, गुरुवार. सिनेमाआधी बातमीपट दाखवायचे ना, त्या कंपनीची व्हॅन मी चालवायचो. आपल्या हल शहरातच, युद्धात बॉम्बने पडलेल्या एका गल्लीत नवी घरं उठणार होती. सकाळी त्याचं चित्रण होतं, म्हणून मी आणि कॅमेरामन डेझमंड थर्लबी आदल्या रात्री समोरच्याच खानावळीच्या वरच्या खोलीत उतरलो.

थर्लबी म्हणजे केवढं नाव! युद्धात आघाडीवर, नंतर राजघराण्यातली लग्नं, फुटबॉलचे अंतिम सामने. पदकसुद्धा मिळालेलं. माणूस मात्र... शी!

तळलेला मासा चापता चापता सांगायला लागला. "याच गल्लीत, आल्फ, एक्केचाळीस साली. तळघराच्या ढिगाऱ्यातून एक पोरगी जिवंत काढली. एनिड. असेल सहाएक वर्षांची. आणि नेमकी तेव्हाच माझ्या कॅमेऱ्याची चावी उतरली, चित्रण हुकलं! म्हटलं, ठेवा तिला परत आत, पुन्हा बाहेर काढा. सिनेमात तोंड दिसणार म्हटल्यावर लोक ऐकायचे रे. आई तेवढी नको नको करत होती. मी पोरीला म्हटलं, पुन्हा एकदा, एनिड. आणि हसून हं!"

"मग?"

"गेली की शहाण्यासारखी आत. भिंत बसली तिच्यावर." मेल्यानं बोटं चाटली. "धुरळा मात्र झकास आला पडद्यावर."

"लाज कशी वाटत नाही रे तुला?" म्हणून मी ताट सारून उठलो.

"धंदा आहे, बाबा," तो म्हणाला आणि माझ्या ताटातला मासाही उचलला.

रात्री दीडच्या सुमाराला दार वाजलं. आम्ही दोघं एकाच खोलीत. बाहेरून बारीक आवाज आला.

"साहेब... पुन्हा एकदा?"

थर्लबी ताडकन उठून बसला. "आल्फ... ऐकलंस?"

ऐकलं होतं.

टेबलावर कॅमेरा होता... आता नव्हता. "माझा कॅमेरा!" म्हणत तो तसाच अनवाणी खाली धावला. मी खिडकीशी गेलो. गल्लीत चिटपाखरू नाही. नुसता कॅमेऱ्याची चावी पिळल्याचा आवाज. कर्र... कर्र...

थर्लबी वाकला. पडक्या तळघरात शिरला. बाहेर आला. मान हलवत होता, नको, नको. परत शिरला. परत बाहेर.

"पोरी, पुरे!" तो ओरडला. "झालं ना आता!"

कर्र... कर्र...

परत आत गेला.

मग...

धप्पकन काहीतरी कोसळलं.

सकाळी पोलिसांनी त्याला उकरून काढलं. छत बसलं होतं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं नाही. कॅमेरा फुटपाथवर नीट ठेवलेला सापडला. लंडनला नेऊन रीळ धुतलं, तेव्हा मी तिथेच उभा होतो.

भर रात्रीचं चित्रण, पण लख्ख. थर्लबी आत जातोय, बाहेर येतोय, आत जातोय. कॅमेरा धरणारा हात कुठे जरासुद्धा हललेला नाही. फक्त सगळं खालून घेतलेलं...

माझ्या कमरेएवढ्या उंचीवरून.