आतून सुंभ फिरवणारा

शाकारणी, म्हणजे छपरावर पेंढा बांधणं, हे दोघांचं काम. वरचा माणूस बांबूची लांब सुई पेंढ्यातून खाली खुपसतो. आतला तिच्यातलं सुंभ छपराच्या रिपेवरून फिरवून सुई परत वर सारतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. एवढं ध्यानात ठेवा, मग पुढचं सांगतो.

जंगल सत्याग्रहाच्या पुढच्या साली सरकारी तुकडी आमच्या वाडीतून उठली. आठ महिने आम्ही डोंगरात पालं ठोकून होतो आणि इकडे शिपायांनी आमची छपरं उतरवून चुलीत घातली होती. परतायचं ठरलं, पण आधी कोणी उतरेना. आवडाबाईची सून गोदू मात्र दिवस भरलेली. "नातवंड आपल्याच छपराखाली व्हईल," म्हातारी हटून बसली. मुलगा तुरुंगात, नवरा कोंडाजी, वाडीतला शाकारणीचा पक्का हात, पहिल्याच दिवशीच्या गोळीबारात गेलेला. तिला नाही म्हणायची कोणाची छाती? मी आणि सदा तिच्याबरोबर खाली आलो.

दुपार कलली. मी छपरावर होतो, आतून सुंभ फिरवायला सदाला बसवला होता. खाडीवरून चिखलाचा कुबट वास येत होता. अंगणात बाजेवर गोदू कण्हू लागली, तशी मी घाई केली. आतला हात माझ्याहून चपळ निघाला. एरवी सदाचा अर्धा दिवस विडीत जातो.

"सदा, आज अंगात आलंय का रे?"

सुई तेवढी वर आली. कळशीच्या बुडासारखी गार.

इतक्यात डोंगराच्या वाटेनं सदा येताना दिसला, खांद्यावर सुंभाची वेटोळी.

"हिरामणदादा, सुंभ सरत आलं म्हनून गेलतो. हाका मारल्या, तुला ऐकू न्हाय गेल्या."

"मग आत... कोण हाय?"

"कोन न्हाय..."

सुई अर्धी पेंढ्यात होती. खालून कोणीतरी ती हलकेच ओढली.

मी उडी टाकणार, तोच गोदू किंचाळली. आवडाबाई वर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

"उतरू नको, लेका... हात मिळालाय तवर पुरं कर."

सदा काही आत गेला नाही. माझीही छाती वाळल्या बोंबलाएवढीच, पण मी सुई खाली सोडली. उरलेलं छप्पर मी आणि त्या आतल्या हातानं पुरं केलं.

दिवेलागणीला गोदूला आत नेलं आणि पोर रडलं. मुलगी! मला रडूच कोसळलं. वर डोंगरात पलिते हलले. माणसं उतरायला लागली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मी आणि सदा पडवीत टेकलो. शिडी अंगणात आडवी पडलेली, माझी सुई माझ्या कमरेला. डोक्यावरचा पेंढा खसखसला. तिथे एक टाका राहून गेला होता.

वरून एक सुई खाली आली आणि थांबली.

सदानं डोळे मिटले. मी उठलो, सुंभ रिपेवरून फिरवलं आणि सुई वर सारली. ती कोणीतरी ओढून घेतली.