मागचं फाटक

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मला आता कुणाला काही पटवायची हौस उरलेली नाही.

आणि तेव्हा रात्र वगैरे नव्हती. सप्टेंबरातली लख्ख दुपार होती, कुंपणावर ब्लॅकबेरी पिकल्या होत्या. आयर्लंडमधल्या केरीकडे जाणारी जुनी रेल्वेलाईन. रूळ कधीच उखडून नेले, आता तिथे सायकलवाट आहे.

चार दिवसांची सहल होती. मी एथ्ना, माझा नवरा डोनल आणि त्याचा धाकटा भाऊ फिंटन, असे आम्ही तिघं.

फिंटनचं त्याच वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. हळूहळू सायकल चालवायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी सासूबाई सोडायला तयार नव्हत्या. शेवटी मी त्यांचा हात धरून म्हणाले, "फिंटनला मी सुखरूप घरी आणीन. माझा शब्द."

डोनलचं नाव मी घेतलं नाही. धडधाकट माणूस, त्याच्यासाठी कोण शब्द देतं?

त्या वाटेवर जिथे गुरं रस्ता ओलांडतात तिथे फाटकं आहेत. अल्याड एक, पल्याड एक. लोखंडी, कमरेएवढी. जो शेवटी जाईल त्यानं दोन्ही लावायची, एवढाच नियम. नाहीतर गुरं वाटेवर आणि शेतकरी तुमच्या मागे.

शेवटी कोण असायचं ते सांगायला नको.

"आमचे फाटकवाले साहेब आले का?" डोनल पुढून ओरडायचा. "की गोगलगाय पुढे निघून गेली तुझ्या?"

"काढ, दात काढ," फिंटन धापा टाकत म्हणायचा. "तू जन्मात एक तरी फाटक लावलंयस का?"

खटाक्... कडी पडायची. मग फिंटनची हाक यायची, "लावलं." मग आम्ही पुढे निघायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्याची हाक येईनाशी झाली.

कडी पडायची. खटाक्...

पण हाक नाही.

"लावलंस ना रे?" मी विचारलं.

फिंटन जवळ आला. तोंड पांढरंफटक पडलं होतं त्याचं.

"मी नाही लावलं, एथ्ना. सायकल बाहेर काढून वळलो, तर ते लागलेलं होतं. जेवणानंतरची सगळीच अशी."

"वारा असेल," डोनल म्हणाला.

"वाऱ्यानं फाटक लागेल. कडी कशी लागेल?"

"अरे, ऑपरेशनला तुझी छाती उघडली होती ना? की डोकंही उघडून बघितलं त्यांनी?"

मी हसले नाही. वारा नव्हताच. कुंपणावरचं पानही हलत नव्हतं.

त्या संध्याकाळी आमचा मुक्काम रेल्वेच्या काळातल्या फाटकवालीच्या घरात होता. नोरीन टूमी नावाच्या बाई तिथे पाहुणे ठेवतात. आमच्या बॅगा गाडीनं आधीच येऊन पडल्या होत्या. मटणाचा रस्सा, सोडा ब्रेड, लोणी असं जेवण होतं. जेवताना डोनलनं फिंटनची नक्कल करून दाखवली.

टूमीबाई हसल्या नाहीत.

"मागे रोज हाच असतो?"

"त्याला हौस आहे," डोनल म्हणाला.

"असं करू नका बाबांनो. एकाच माणसाला रोज मागे ठेवू नये."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आत्या इथली फाटकं सांभाळायची. तेव्हा गावात मॉसी नावाचा एक लंगडा माणूस होता. सकाळी सगळे दूध घेऊन डेअरीला निघायचे, हा कायम मागे. एकदा बाकीच्यांनी त्याची गंमत करायची ठरवली. तो रुळांवर आला आणि त्यांनी दोन्हीकडची फाटकं लावून धरून ठेवली. मॉसी मधे. फाटकाचे गज हलवत होता, आणि हे हसत होते. गाडीला वेळ आहे असं त्यांना वाटलं.

"मग?" फिंटननं विचारलं.

"गाडीला वेळ नव्हता." टूमीबाईंनी त्याच्या कपात चहा ओतला. "तो अजून मागून येतो म्हणतात. शेवटचा राहायचा कंटाळा आलाय त्याला."

"कुठल्या फाटकाशी?"

"कुठल्याही. लाईन एकच आहे."

डोनल मोठ्यानं हसला.

पण सकाळी फिंटनला हेल्मेटचा पट्टा काही केल्या लावता येईना. डोनलनं ते पाहिलं. मग पुढे झाला आणि त्यानं तो पट्टा लावून दिला.

"तू मधे राहा, गोगलगायी," तो हळूच म्हणाला. "आज फाटकं माझी."

इतक्या वर्षांत भावाशी असं बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. मला फार फार बरं वाटलं.

सकाळची फाटकं छान गेली. खटाक्, आणि मागून डोनलची हाक. "लावलं रे. मॉसीला आज सुट्टी दिलीय."

फिंटनही हसायला लागला होता.

दुपारी एका दगडी पुलानंतर फाटकांची जोडी आली. मी दोन्ही पार केली. फिंटननं केली. आम्ही वळणापुढे जाऊन थांबलो.

खटाक्... खटाक्...

दोन्ही एकदमच.

अल्याडचं लावून पल्याड यायला माणसाला थोडा वेळ तरी लागतो.

हाक आली नाही.

"घाबरवतोय आपल्याला," फिंटन म्हणाला.

मग गज हलवल्याचा आवाज आला. जोरजोरात... थांबून थांबून...

"पुरे झालं नाटक, डोनल," मी ओरडले. मला हसू येत होतं.

"हलवू दे," फिंटनही हसत होता. "जन्मभर मला ताटकळवलंय त्यानं. आज आपण ताटकळवू."

आम्ही ब्लॅकबेरी खात उभे राहिलो.

आवाज बंद झाला.

बराच वेळ झाला तरी तो येईना, तेव्हा आम्ही मागे गेलो. दोन्ही फाटकांना कड्या होत्या. मधे डोनल पालथा पडला होता. सायकल पलीकडच्या फाटकाबाहेर नीट टेकून ठेवलेली होती. त्याच्या तळव्यांची सालटी निघाली होती. कमरेएवढं फाटक होतं, लहान मूलही चढून गेलं असतं.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. फिंटनचं नाही. डोनलचं.

सासूबाई रडल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "तू एकाचाच शब्द दिला होतास. पाळलास."

दफनाच्या दिवशी सगळे आत गेल्यावर फिंटन सवयीनं मागे राहिला. दफनभूमीचं फाटक लावायला वळला.

त्याचा हात पोचायच्या आत कडी पडली.

"राहू दे, डोनल," तो पुटपुटला. "मी लावतो."

त्यानंतर फिंटनच्या मागे कधीच काही वाजलं नाही. तो आईबरोबर राहतो, तब्येत उत्तम आहे त्याची.

मी एकटी राहते. घरात आधी शिरणारी मीच, आणि शेवटचीही मीच.

संध्याकाळी कामावरून येते. अंगणाचं फाटक मुद्दाम उघडं टाकते. दारापाशी जाते, किल्ली काढते आणि थांबते.

खटाक्...

मी वळून पाहत नाही. तो डोनल असेल तर त्याला आत घ्यायला हवं. मॉसी असेल तर...

रोज फक्त विचारते, "लावलंस ना रे?"

हाक अजून आलेली नाही.