यशराज सरनोबतचा उजवा पाय

"तुमच्या डब्यानं आज पण गॅस दिला नाही!"

यशराज सरनोबत ट्रॅकशेजारच्या प्रयोगशाळेत शिरला आणि हेल्मेट टेबलावर असं आपटलं, की इरफानचा चहा सांडला.

आता हा यशराज कोण, ते आधी ऐका. पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावरून कधीच गेल्या होत्या, उरल्या होत्या त्या फक्त ट्रॅकवर, शौकापुरत्या. आणि कोल्हापुरात शौक म्हटलं की यशराज. लाल गाडी, लाल बूट, लाल गॉगल. गाडीच्या मागं हातभर अक्षरात लिहिलेलं, 'पाय उचलणार नाय'. बॉनेट कुठून उघडतं ते विचारलं तर मात्र साहेब ड्रायव्हरला हाक मारणार. वडील आबासाहेब ट्रॅक चालवणाऱ्या वेगमंडळाचे अध्यक्ष, म्हणून हा ट्रॅकचा राजा. बस, एवढंच कर्तृत्व.

"बसा," मृणाल चौगले म्हणाली. डबा तिनंच बनवलेला. नाव 'राखण'. ज्या गाडीत जादा ताकदीसाठी नायट्रस गॅसची बाटली, त्या गाडीत राखण, असा मंडळाचा नियम होता.

"बसायला नाही आलो."

"मग उभ्यानं ऐका. नायट्रस स्वतः जळत नाही. इंजिनात तापलं की फुटतं आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. ऑक्सिजन जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद. पेट्रोल कमी पडलं की ज्वाळा पिस्टनच खाते. ते राखण सांभाळते. बाटली किती गरम, पेट्रोलचा दाब किती, ठिणगी कधी, सगळं. तुमच्या गाडीत ते सगळं बरोबर आहे."

"मग अडलंय कुठं?"

"पायात," इरफान बागवान म्हणाला. हा ज्वलनशास्त्रज्ञ. डाव्या हाताची दोन बोटं राखण यायच्या आधीच्या काळात गेलेली. "गॅस सोडायचा तो पाय पूर्ण खाली असतानाच. गॅस चालू आणि तुम्ही पाय उचलला, की हवेची झडप मिटते. गॅस आणि पेट्रोल नळीत कोंडतं, आणि मग हे असं होतं." त्यानं हात वर केला. "कॉक बंद केला तरी नळीत निम्म्या श्वासाचा गॅस उरतोच. म्हणजे तुम्ही पाय उचलायच्या आधीच तो बंद करायला पाहिजे."

"आधी? डब्याला काय स्वप्न पडतंय काय?"

"पडतंय की," मृणाल म्हणाली. "शिकाऊ फेऱ्यांत राखण तुमचा पाय शिकते. मग तिच्या आत तुमचंच एक भावीपाऊल चालतं, तीन सेकंद पुढं. ते पाय उचलणार असं दिसलं, की गॅस नाही. हळू चालवताना सगळ्यांचे पाय सारखे, पण वेगात प्रत्येकाची लकब वेगळी, सहीसारखी. म्हणून तर परका माणूस गाडी पळवायला लागला की राखण ती थांबवते."

"आणि माझं भावीपाऊल काय करतंय?"

मृणाल कॉम्प्युटरकडं बघायला लागली. इरफाननं चहा पुसला.

"उचलतंय," तो म्हणाला. "दरवेळी."

यशराज गाडीइतकाच लाल झाला. "पुसा! माझ्या जुन्या फेऱ्या पुसा, नव्यानं शिकवतो. आणि ऐकून ठेवा, दसऱ्याच्या मानाच्या फेरीला गॅस मिळाला नाही तर आमचे आबा ठराव मांडणार. हे डबे भंगारात. ज्यानं त्यानं आपापली बाटली लावावी आणि बटण दाबावं. माणसाच्या छातीला डबा काय ओळखणार?"

तो गेल्यावर इरफान उरलेल्या तीन बोटांनी टेबलावर ताल धरत बसला. "ठराव झाला तर दिवाळीच्या आत कुणीतरी जळणार, मृणाल."

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि फेऱ्या पुसल्या, कारण तो मालकाचा हक्क होता.

आता गंमत ऐका. या मर्दाला एक धाकटी बहीण, रेवती. घरच्या ऊसतोडणी यंत्रावर बसून वाढलेली. तिला ट्रॅकवर यायची बंदी, का तर 'बरं दिसत नाही'. यशराज तिच्याकडं गेला, अगदी गोड आवाजात. "रेवा, एक काम कर. भाऊबीजेला मागशील ते."

"भाऊबीजेचं भाऊबीजेला. गाडी पुसून नाही द्यायची, पळवायची आहे ना?" एवढंच तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी काळ्या काचेचं हेल्मेट आणि लाल बूट घातलेला 'यशराज' ट्रॅकवर आला, कुणाशी बोलला नाही, फेऱ्या मारून गेला. मृणालनं आलेख पाहिला. पाय कसला, ओळंबा! खाली गेला की वळण येईपर्यंत हलायचं नाव नाही. "इरफान, माणूस बदलला रे," ती म्हणाली.

"माणूस एवढा बदलत नाही," इरफान म्हणाला. पण आलेखात तर दिसत होतं.

दसरा उजाडला. गाड्यांना झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, सगळं रीतसर. सकाळची हवा गार, म्हणून बाटलीतला दाब जरा उतरलेला. यशराजच्या एका पंटरनं काय करावं? बाटलीला ओवाळता ओवाळता आरतीचं तबकच तिच्याखाली धरून ठेवलं!

"अरे ए शहाण्या!" इरफान धावत गेला, तबक हिसकावलं. "दाब वाढवतोयस का वरात काढतोयस? बाटलीला विजेचं जाकीट आहे, ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होतं. ज्योत जवळ न्यायची नाही, कधीच नाही!"

"देवाची आरती आहे सर, काय होत नाही," पंटर म्हणाला. अशी सगळी फौज.

नारळ फुटला, गाडी सुटली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. सरळ पट्टी आली, यशराजनं बटण दाबलं आणि राखणीनं गॅस दिला. तिच्या हिशेबात हा पाय उचलणाऱ्यातला नव्हताच! गाडीनं असा रट्टा दिला, की लाल गॉगल कपाळावर गेला. गाडीतला आवाज गॅलरीतल्या कर्ण्यावर सगळ्यांना ऐकू आला, "आई गं! आई! आई!"

आणि त्यानं पाय उचलला. वळण अजून कुठच्या कुठं होतं.

इरफाननं डोळे मिटले. पण स्फोट झाला नाही. राखणीनं कॉक बंद केला, हवेची झडप मात्र निम्मा श्वास उघडीच धरली, नळीतला गॅस जळून जाईपर्यंत. वळण लांब होतं म्हणूनच हे जमलं. मग गाडी हळूहळू कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. कर्ण्यावर तिचा शांत आवाज आला.

"पाऊल जुळत नाही. यशराज सरनोबत यांची गाडी परक्या माणसानं पळवली आहे. गाडी थांबवली आहे."

"मीच यशराज आहे!" तो गाडीतून ओरडला.

"पाऊल जुळत नाही," राखण म्हणाली.

सगळे गाडीपाशी पळाले. आबासाहेबांनी मृणालला गाठलं. "बघितलंत? मालकालाच चोर ठरवतोय तुमचा डबा! आत्ताच्या आत्ता ठराव घेतो."

"घ्या," मृणाल म्हणाली. "पण त्याआधी मी राखणीनं गाडीला घातलेलं कुलूप काढते. शिकाऊ फेऱ्या यशराजसाहेबांनी मारल्या होत्या, तशी एकच फेरी त्यांनी पुन्हा मारावी. पाऊल जुळलं नाही, तर मीच डबे काढते."

"बस रे, मार फेरी," आबासाहेब म्हणाले.

यशराज बुटांकडं बघत राहिला. "आबा, घोटा लचकलाय."

"कुठला?"

त्यानं डावा दाखवला.

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात गॅलरीतून रेवती उतरून आली, हातात आपट्याची पानं. आधी आबासाहेबांच्या हातात सोनं दिलं, पाया पडली, मग भावासमोर उभी राहिली.

"दादा, बूट काढ."

"रेवा, घरी जा."

"बूट काढ म्हटलं ना. हेल्मेट पण."

काय करणार? काढले त्यानं. रेवतीनं पर्समधून दोन मोज्यांचे बोळे काढले, एकेका बुटाच्या टोकात दाबून बसवले आणि पाय घातले. बरोबर बसले. आबासाहेब त्या बोळ्यांकडं बघतच राहिले. मग ठरावाचा कागद घडी घालून खिशात सारला.

गाडी सुटली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. सरळ पट्टीवर कर्णा बोलला.

"पाऊल जुळलं. नमस्कार, यशराज सरनोबत. गॅस तयार आहे."

तिनं बटण दाबलं. यशराज मोज्यांवर उभा होता, आणि लांब जाणाऱ्या लाल गाडीच्या मागची अक्षरं सगळ्यांना वाचता येत होती.