अस्माच्या नवऱ्याचं नाव

ही घटना खरी आहे. आणि ती रात्रीची नाही, दुपारची आहे.

आधीच सांगते, कारण भुताच्या गोष्टींना लोक अंधार मागतात. इथे तो मिळणार नाही. मे महिना. ढाणकीपासून थोडं आत आमचं गाव. डोक्यावर ऊन आणि कब्रस्तानात एकच कडुनिंब.

मी गुलनार. हे नाव एकदा मोठ्यानं वाचा. का, ते शेवटी कळेल.

गोष्ट माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची आहे. त्याचं नाव ______.

नाही. पुन्हा लिहिते.

त्याचं नाव ______.

बघितलंत? बोट तिथे येतं आणि थांबतं. ही टायपिंगची चूक नाही. तुम्ही ती जागा तशीच वाचा. आमच्या घरात आम्ही तशीच जगतो.

*

भाईचं मोबाईलवर एक पेज होतं. ‘मातीतली मोठी माणसं.’ जिल्ह्यातल्या नामवंतांच्या कबरी शोधायच्या, तिथे उभं राहून त्यांची कहाणी सांगायची. बाभुळगावकडचा एक पहिलवान. महागावकडचे सनईवाले उस्ताद. लोक आवडीनं बघायचे.

त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी अस्मा, उमरखेडची. मला म्हणाली होती, “फोटो नंतर पाह्यला मी. पह्यले आवाज ऐकला.”

हे लक्षात ठेवा.

शेवटचा व्हिडिओ आमच्याच गावातल्या हकीम बदरुद्दीन यांचा होता. त्यांच्या औषधासाठी दूरदूरहून बैलगाड्या यायच्या म्हणतात. त्यांची कबर पक्की आहे. नावाचा दगड, भोवती लोखंडी कठडा. बाकी सगळ्यांची नुसती माती. काही पावसाळ्यांत उंचवटा बसतो, गवत येतं, आणि मग त्याच जागी दुसऱ्या कोणाला तरी ठेवतात.

म्हणून तिथली मोकळी जागा मोकळी नसते.

आमच्यात कब्रस्तानात शिरताना फाटकातच सलाम करतात. तिथे निजलेल्या सगळ्यांना, एकत्र. कोणाला वेगळं काढून नाही. लहान पोरांनाही हे माहीत असतं.

भाईनं फाटकात सलाम केला नाही.

कॅमेरा अजून सुरू व्हायचा होता.

*

पुढचं मन्सूरनं सांगितलं. मन्सूर भाईचा दोस्त, गॅरेजवाला. मोबाईल तोच धरायचा.

“इथं उभा राहू का बे? उजेड मस्त पडून राह्यला.”

“पायाखाली पाह्य ना.”

“काय हाय पायाखाली? कोरी जमीन.”

“बिनपाटीचे लोकं हायेत तिथं.”

“त्यायले फॉलोअर नाहीत ना,” भाई म्हणाला.

दोघंही हसले.

मग व्हिडिओ सुरू झाला. भाईनं छातीवर हात ठेवला, कठड्याकडे वळून म्हणाला, “अस्सलामु अलैकुम, हकीम साहब.” कहाणी सांगितली. शेवटी चपलेनं जमीन थोपटत म्हणाला, “बाकी इथं सारी मातीच आहे, दोस्तहो. याद ठेवावं असा एकच माणूस. मी ______, मातीतली मोठी माणसं.”

कडुनिंबावरची पाखरं गप्प झाली.

मग...

“व अलैकुम अस्सलाम.”

कठड्याकडून नाही. खालून. भाईच्या चपलांजवळून.

तोंडात काहीतरी भरून बोलावं, तसा आवाज.

भाईला वाटलं, कडुनिंबामागे कोणी म्हातारा बसलाय. त्यानं झाडामागे डोकावून पाहिलं.

कोणी नव्हतं.

“नाव काय आपलं?”

आता आवाज थोडा साफ होता. आपल्या गावात मोठ्या माणसानं नाव विचारलं तर आपण सांगतो. भाईनं सांगितलं. बापाच्या नावासकट.

“पुन्हा सांगा.”

त्यानं सांगितलं.

“पुन्हा...”

भाईनं तिसऱ्यांदा सांगितलं. यावेळी कानावर नीट पडावं म्हणून, मोठ्यानं.

मग कोणी काही विचारलं नाही. विचारायचं काही उरलं नव्हतं.

*

घरी व्हिडिओ लावला. सगळं स्पष्ट. हकीम साहबांची कहाणी, पाखरं, चपलेचा आवाज. शेवटी भाई म्हणतो, “मी...”

ओठ हलतात.

“...मातीतली मोठी माणसं.”

मन्सूर म्हणाला, “माईक गेला वाटते.”

अम्मी तव्यावर पोळी टाकत होती. तिनं मागे न बघता विचारलं, “फाटकात सलाम केल्ता का?”

भाईनं व्हिडिओ पुन्हा मागे घेतला.

“तुले विचारून राह्यली मी. सगळ्यायले सलाम केल्ता का?”

“हकीम साहबले केला, अम्मी.”

पोळी जळाली. अम्मीनं ती उलटली नाही. काळी होईपर्यंत बघत राहिली. मग त्याला हाक मारायला तोंड उघडलं...

आणि तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती फाटकापर्यंत गेली. बाहेरूनच पदर पसरून सगळ्यांना सलाम केला, लेकासाठी माफी मागितली. बराच वेळ उभी राहिली. आतून काही आलं नाही.

ज्यांना हवं ते मिळालं होतं, ते कशाला बोलतील?

*

नाव एकदम गेलं नाही. माणसामाणसातून गेलं. आधी न्हाव्याला आठवेना. मग मन्सूरला. लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. अस्माचं नाव सोनेरी, त्याच्या शेजारी कोरा कागद. छापखानेवाला शपथ घेऊन म्हणाला, “मी छापलं. मी सोता वाचलं.” काय वाचलं, ते त्याला सांगता येईना.

पहिले काही दिवस भाई हसण्यावारी न्यायचा. मग तो आरशासमोर बसू लागला. ओठांची हालचाल करायचा. वेगवेगळी. मुलं कुलपाला एकेक किल्ली लावून बघतात तशी.

एकही लागली नाही.

“लग्न पुढं ढकलू,” मी म्हणाले.

“नाही,” तो म्हणाला. “काझी साहब नाव घेतील. सगळ्यायसमोर घेतील. एकदा घेतलं का ते माह्यं होऊन जाईन.”

त्याची सगळी आशा त्या एका वाक्यावर होती.

*

निकाह भर दुपारी होता. उमरखेडला, अस्माच्या घरी. पुरुष मांडवात, बायका आतल्या खोलीत. मी दारात उभी होते. मला दोन्हीकडचं दिसत होतं.

आमच्यात आधी वधूकडे जातात. तिचा वकील, म्हणजे तिच्या वतीनं बोलणारा घरचा माणूस, आणि दोन गवाह पडद्याआडून विचारतात, अमक्याचा अमका, कबूल आहे का? अस्माचे मामू वकील होते. ते काझी साहबांसमोर बसून नाव विचारून घेत होते.

काझी साहबांनी भाईकडे पाहिलं. “नाव?”

भाईनं तोंड उघडलं.

मामू हसले. “नाव सांगाले लाजून राह्यला का, नवरदेव? अरे, ते तं नवरीनं लाजावं!”

मांडव हसला.

काझी साहबांनी मन्सूरकडे पाहिलं. मन्सूर खाली बघत होता. त्यांनी मला विचारलं. मी जीभ उचलली. तिथे काहीच नव्हतं. दात पडल्यावर जीभ त्या जागी जाते ना, तसं.

हसणं बंद झालं.

पंख्याचा आवाज...

आणि आतल्या खोलीतून अस्माचा आवाज आला.

“कबूल है.”

मी वळून पाहिलं. मामू अजून मांडवातच होते. दोन्ही गवाह त्यांच्या शेजारी. आत कोणी गेलं नव्हतं.

“कबूल है.”

ती मान खाली घालून बसली होती. समोरचा पडदा हलकेच आत फुगला होता. पलीकडे कोणी टेकून उभं असावं, तसा. मी धावत त्या बाजूला गेले.

पलीकडे कोणी नव्हतं, नुसती भिंत होती. भिंतीशी ओली माती सांडलेली. मे महिन्यात.

“कबूल है.”

मी तिचे खांदे हलवले. “कोणी विचारलं तुले? अस्मा, कोणी विचारलं?”

“वकीलच असतील ना,” ती म्हणाली. चेहरा उजळला होता. “किती साफ नाव घेतलं त्यायचं. बापाच्या नावासकट.”

“काय नाव? सांग मले! काय नाव घेतलं?”

ती लाजली. मेंदीचे हात तोंडावर घेतले.

“आता कसं घेऊ, आपा? आता नवरा झाले ते माह्ये.”

*

आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तुमच्याकडेही नसतील घेत. उखाण्यात तरी तुम्ही घेता. आमच्यात उखाणाही नाही.

साऱ्या जगात माझ्या भावाचं नाव एकाच माणसाला माहीत आहे. आणि ते माणूस लाजतं.

काझी साहब उठून गेले. निकाह झाला म्हणाले नाहीत, नाही झाला म्हणाले नाहीत. अस्मा मात्र आली आमच्याकडे. स्वतःहून. मागच्या खोलीत राहते.

अम्मीनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. “एकदा घे बेटा. माह्या लेकासाठी घे. त्याचं त्याले परत मिळन.”

अस्मानं अम्मीला उठवलं. पदरानं तिचे डोळे पुसले. “शरम येते, अम्मी.”

भाई समोर आला की ती पदर पुढे ओढते. परक्या पुरुषासमोर ओढावा तसा. दुपारी ताट वाढून खोलीत नेते, दार लावून घेते. रिकामं ताट बाहेर येतं. ताटाच्या कडेला माती असते.

भाई दाराबाहेर बसून राहतो.

मागच्या जुम्म्याला मी तिथेच तांदूळ निवडत होते. आतून अस्मा हसली. मग लाडानं, हळूच, तिनं एक हाक मारली.

नाव होतं.

मी ऐकलं. अम्मीनं ऐकलं. भाई ताडकन उठला. त्याचा चेहरा... मी त्याला लहानपणापासून एवढं खूश कधी पाहिलं नाही. दोन्ही हात दाराला टेकवून तो म्हणाला, “जी! हाव, मी! मीच!”

आत बांगड्या वाजल्या.

मग अस्माचा थंड आवाज आला.

“तुम्ही नाही.”

आणि तिच्या मागून, खोलीतूनच, भाईच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं...

“जी.”

मी हातातलं सूप टाकलं, नाव म्हणायला तोंड उघडलं. गेलं होतं. अम्मीचंही गेलं होतं.

भाई तेव्हापासून बोलत नाही. बोलून कोणाच्या आवाजात बोलणार?

माझं नाव तुम्हाला मोठ्यानं वाचायला लावलं, ते अजून कोणाच्या तोंडी येतं का, हे कळावं म्हणून. आता अम्मी मला ‘गुलनार’ म्हणते की मी हातातलं काम टाकून धावते. पहिल्याच हाकेला. दूध उतू गेलं तरी चालेल.

दुसऱ्या कोणी ओ द्यायच्या आत.